चौऱ्याहत्तर पिकोमीटर

उद्यमनगरातली रात्रशाळा. साडेसातला
भट्ट्यांची धग भिंतींतून गेलेली नसते.
पोरं हात धुऊन येतात,
तरी साच्याची काळी वाळू नखांत राहते
आणि वहीच्या समासात उतरते.

मिठाचा धडा लवकर आटोपला.
एक पाण्यात टाकला की पेटणारा,
दुसरा छातीत गेला की श्वास कोंडणारा.
पहिल्यानं एक इलेक्ट्रॉन देऊन टाकला,
दुसऱ्यानं घेतला,
आणि आता दोघं तांबड्या रश्श्यात गुमान विरघळतात.
देतो तो धन. घेतो त्याच्यावर ऋण.
ही नावं मराठीत कुणी ठेवली कोण जाणे,
पण त्या माणसानं कधीतरी
उसनवारीची वही लिहिलेली असणार.

मग मी दोन वर्तुळं काढली,
एकमेकांत थोडी शिरलेली.
मागच्या बाकावरून भरमू चौगुले म्हणाला,
"मॅडम, ही तर आमची हीर.
निम्मी आमची, निम्मी चुलत्याची. मोटर एक.
बोलणं बंद हाय सात वर्सं,
पर पाणी दोघांस्नीबी लागतंय."

वर्ग हसला.
मी खडू खाली ठेवला. पुस्तकात
याच्याइतकं नेमकं वाक्य नव्हतं.

तरी एक सांगायचं राहिलं होतं, ते सांगितलं:
हायड्रोजनचे दोन अणू
फार जवळ आले तर एकमेकांना ढकलतात,
फार लांब गेले तर विसरतात.
मध्ये एक जागा असते, तिथं थांबतात.
तिथंही स्वस्थ नसतात, थरथरत राहतात.
फळ्यावर लिहिलं: ७४ पिकोमीटर.
"म्हंजे किती?" भरमूनं विचारलं.
मी चिमूट दाखवली, मग ती मिटली,
मग नुसतीच हसले.

तास सुटता सुटता रेणुका कुरणे उभी राहिली.
(नावातच रेणू आहे, हा माझा जुना विनोद
तिला अजून आवडलेला नाही.)
"आम्ही कातड्याला बाभळीची साल लावतो, हिरडा लावतो.
न्हाईतर कुजतंय.
ते ह्यातल्या कुठल्या बंधात बसतंय?"

मला माहीत नव्हतं.
पंचवीस वर्षं शिकवते आहे,
बी.एस्सी.ला पहिला वर्ग,
आणि सुभाषनगरातल्या हौदांवरून जाताना
मी पदर नाकाला लावत आले.

त्या रात्री दीडपर्यंत वाचत बसले.
सालीतला तुरटपणा कातड्याच्या तंतूंमध्ये शिरतो
आणि जागोजागी हात धरतो.
एकेक पकड इतकी दुबळी
की एकटी असती तर केव्हाच सुटली असती.
पण त्या मोजता येणार नाहीत इतक्या असतात.
मग कूज आत शिरू म्हणते, तिला वाट मिळत नाही.

दुसऱ्या दिवशी हे सगळं सांगितलं.
रेणुका ऐकत होती,
आपल्या घरातलीच गोष्ट
पाहुण्याकडून ऐकावी तशी.
"हां," म्हणाली. "म्हणून दिस लागत्यात.
घाई केली की वरनं रंग चढतोय, आत कच्चंच."
मी ते वहीत लिहून घेतलं.

परीक्षेत मात्र दरवर्षीसारखं झालं.
निम्म्या वर्गानं लिहिलं:
बंध तुटला की ऊर्जा मिळते.
लाल पेनानं मी प्रत्येक पेपरावर खोडलं.
नाही रे बाबांनो. जुळताना मिळते.
तोडायला पदरची घालावी लागते.
चौगुल्याच्या पेपरावर हेच
थोडं जास्त मोठ्या अक्षरात लिहिलं गेलं.

दिवाळीत रेणुकानं तिच्या वडिलांनी केलेली
जोडी आणून दिली. पैसे घेतले, पूर्ण.
आता पावणेदहाला शाळा बंद करून
मी निघते, तेव्हा रिकाम्या रस्त्यावर
माझ्या पायांत करकर वाजते.
मी म्हटलं, कुठंतरी नीट चिकटलेलं नाही वाटतं.
"न्हाई मॅडम," ती म्हणाली,
"दोन तळांच्या मधी बी ठेवत्यात. मुद्दाम.
सगळंच घट्ट बसलं
तर चप्पल मुकी ऱ्हाती."